लहान व्यवसायासाठी जनसंपर्क सल्लागार कसा निवडावा आणि त्याच्याकडून काम कसं करून घ्यावं

जनसंपर्क सल्लागाराशी पहिल्यांदा बोलताना बहुतेक छोटे व्यावसायिक एकच गोष्ट विचारतात: "महिन्याला किती बातम्या छापून आणाल?" याला जो आकड्यात उत्तर देतो त्याच्यापासून सावध राहा. एक तर तो पैसे भरून मिळणारी जागा बातमी म्हणून तुमच्या गळ्यात मारणार असतो, नाहीतर जे त्याच्या हातात नाही त्याचा शब्द देत असतो. बातमी घ्यायची की नाही हे संपादक ठरवतो. सल्लागाराकडून तुम्हाला मिळतात ते त्याचे कामाचे तास, बातमी ओळखायची त्याची नजर आणि पत्रकारांमध्ये त्याच्या शब्दाला असलेला मान. हे मनात पक्कं असेल तर निवड, मोबदला, करार आणि हिशोब या प्रत्येक टप्प्यावर काय विचारायचं ते आपोआप सुचत जातं.

पायरी १: तुम्हाला जनसंपर्क हवा आहे की जाहिरात?

जाहिरातीत जागा तुमची, शब्द तुमचे, तारीख तुमची. त्याचे पैसे तुम्ही मोजता आणि वाचकालाही ते माहीत असतं. जनसंपर्कात यातलं काहीच तुमच्या ताब्यात नसतं. तिसऱ्याच माणसाने तुमच्याबद्दल लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच वाचक त्यावर जास्त विश्वास ठेवतो. ही रेघ या व्यवसायाच्या सुरुवातीपासून आखलेली आहे. १९०६ साली अमेरिकेत कोळसा खाणमालकांसाठी काम करणाऱ्या आयव्ही ली यांनी वृत्तपत्रांना एक निवेदन पाठवलं होतं. आमचं काम उघडपणे चालतं, आम्ही जाहिरात संस्था नाही, आणि आमचा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असं वाटलं तर तो वापरू नका, असा त्याचा आशय होता. आजही चांगला सल्लागार याच रेघेच्या अलीकडे उभा राहून काम करतो.

याच महिन्यात विक्री वाढायला हवी असेल तर जाहिरात किंवा सवलत जास्त उपयोगी पडेल. जनसंपर्काचा परिणाम दिसायला काही महिने लागतात. उत्पादन अजून तयार नसेल, संकेतस्थळावर फोन क्रमांकच चुकीचा असेल, ग्राहकांच्या तक्रारी निकालाविना पडल्या असतील, तर ते आधी निस्तरा. प्रसिद्धी मिळाली की लोक तपासायला येतात, आणि तेव्हा या गोष्टी पहिल्यांदा नजरेत भरतात.

जिथे ग्राहक विश्वास बसल्याशिवाय पैसे टाकत नाही, जिथे तुमची सेवा इतकी नवी आहे की ती आधी समजावून सांगावी लागते, किंवा जिथे चांगली माणसं कामाला मिळवणं हीच मोठी अडचण आहे, तिथे मात्र जनसंपर्कावरचा खर्च सार्थकी लागतो.

एक अट तुमच्याकडूनही आहे. मालकाला किंवा निर्णय घेऊ शकणाऱ्या एका माणसाला या कामासाठी महिन्याला निदान ४ ते ५ तास काढता आले पाहिजेत. माहिती देणं, मसुदा तपासणं आणि मुलाखत देणं ही कामं सल्लागारावर सोपवता येत नाहीत. तेवढा वेळ नसेल तर नेमणूक पुढे ढकला.

पायरी २: एका पानाचं टिपण लिहा

सल्लागार शोधायच्या आधी हे टिपण तयार हवं. एका पानापेक्षा लांबलं तर तुमचंच अजून ठरलेलं नाही असं समजा. त्यात एवढं असावं: व्यवसाय काय करतो ते दोन वाक्यांत, सध्याचा ग्राहक कोण आणि हवा असलेला कोण, तो ग्राहक काय वाचतो, ऐकतो, बघतो, १२ महिन्यांनी नेमकं काय बदललेलं हवं, महिन्याला जास्तीत जास्त किती खर्च करता येईल, आणि कोणत्या विषयांवर जाहीरपणे बोलायचं नाही.

"१२ महिन्यांनी काय बदललेलं हवं" या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. "नाव व्हावं" हे उत्तर चालत नाही, कारण त्यावरून कोणतंही काम ठरत नाही. "कार्यालयांकडून येणाऱ्या चौकशा दुप्पट व्हाव्यात", "निविदेच्या वेळी आमचं नाव आधीपासून माहीत असावं", "अनुभवी तंत्रज्ञांनी स्वतःहून अर्ज करावेत" ही उत्तरं चालतात. पहिल्या उत्तरासाठी व्यापारविषयक नियतकालिकं लागतील आणि तिसऱ्यासाठी वेगळीच माध्यमं. टिपणात हे नसेल तर सल्लागार त्याला सोयीच्या माध्यमांकडे जाईल, आणि कात्रणं जमली तरी तुमचा ग्राहक ती वाचणार नाही.

खर्चाची मर्यादा लपवू नका. ती कळली नाही तर तीन जणांकडून तीन वेगळ्याच कामांचे प्रस्ताव येतात आणि तुलना करता येत नाही.

पायरी ३: घरातल्या बातम्या मोजा

तुमच्याकडे सांगण्यासारखं काय आहे याची यादी आधी स्वतः करा. नवं दालन, नवा लोगो, वर्धापनदिन, कुणीतरी दिलेला पुरस्कार या गोष्टी तुमच्यासाठी मोठ्या असतात, पत्रकारासाठी सहसा नसतात. त्याचा प्रश्न सरळ असतो: हे माझ्या वाचकाला आजच का सांगू?

समजा, तुमचा लॅपटॉप दुरुस्तीचा व्यवसाय आहे. "आम्ही नवी सेवा सुरू केली" यात बातमी फारशी नाही. पण तुमच्याकडे तीन वर्षांच्या दुरुस्त्यांच्या नोंदी आहेत. त्यातून कोणता भाग कितव्या वर्षी निकामी होतो, कोणत्या सवयींमुळे बॅटरी लवकर फुगते, दुरुस्त करण्यासारखी किती यंत्रं मालकांनी आधीच टाकून द्यायचं ठरवलेलं होतं, हे काढता येतं. ग्राहकांची नावं वगळून या नोंदी नीट मांडल्या तर ग्राहकहित, पर्यावरण आणि तंत्रज्ञान अशा तीन विषयांच्या पत्रकारांना त्यात रस वाटू शकतो. छोट्या व्यवसायाचं खरं भांडवल बहुधा अशा रोजच्या नोंदवहीतच असतं, आणि आपण ते बातमी म्हणून बघत नाही.

यादीत ८ ते १० गोष्टी आल्या तर उत्तम. दोनच आल्या तर महिनेवारी करार करू नका. त्या दोन गोष्टींपुरतं काम द्या.

पायरी ४: एकटा सल्लागार, संस्था की एका कामापुरता माणूस

एकटा सल्लागार नेमलात तर ज्याच्याशी बोलता तोच काम करतो, आणि खर्चही आटोक्यात राहतो. अडचण अशी की तो आजारी पडला किंवा त्याच्या दुसऱ्या ग्राहकावर संकट आलं तर तुमचं काम थांबतं. म्हणून "तुम्ही नसताना कोण?" हे आधीच विचारा. संस्थेकडे लेखक, छायाचित्रकार, समाजमाध्यमं सांभाळणारे असे सगळे असतात. पण तिथे लहान ग्राहक हा यादीतला शेवटचा ग्राहक होण्याची भीती असते. एखादं उद्घाटन, एखादा अहवाल, एखादं नवं उत्पादन एवढंच असेल तर ६ ते ८ आठवड्यांचं ठरावीक काम द्या. पहिल्यांदाच सल्लागार नेमणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं आमचं मत आहे. माणूस पारखला जातो आणि दोघेही बांधले जात नाहीत.

पायरी ५: नावं कुठून काढायची

शोधयंत्रात वर येणारी नावं ही स्वतःची जाहिरात नीट करणाऱ्यांची असतात, तेवढ्यावर जाऊ नका. तुमचा ग्राहक जे वाचतो त्याचे गेल्या तीन महिन्यांचे अंक किंवा पानं चाळा. तुमच्याच आकाराच्या ज्या व्यवसायांबद्दल चांगलं लिहून आलंय त्यांना सरळ विचारा, तुमचं हे काम कोण बघतं. ओळखीचा पत्रकार असेल तर त्यालाही विचारा: "कुणाचा मेल आला की तुम्ही उघडून बघता?" अशी पाच-सहा नावं जमवा, टिपण पाठवा आणि तिघांना प्रत्यक्ष भेटा.

भेटीआधी त्यांनी दाखवलेली कात्रणं तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे. बातमीचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधा. तोच मजकूर शब्दशः पन्नास संकेतस्थळांवर दिसला तर ती बातमी नाही. पैसे भरून प्रसिद्धिपत्रक एकगठ्ठा सगळीकडे पाठवणाऱ्या सेवेतून ते गेलंय, आणि त्या पानांना सहसा वाचक नसतो. मग वर कुणा वार्ताहराचं नाव आहे का बघा. शेवटी पानाच्या कडेला "प्रायोजित", "भागीदार मजकूर", "जाहिरात विभाग" अशी बारीक अक्षरं आहेत का ते शोधा. प्रायोजित मजकूर घेण्यात गैर काही नाही, पण तो बातमी म्हणून दाखवणारा माणूस उद्या तुमच्या हिशोबातही तसंच करेल.

पायरी ६: भेटीत काय विचारायचं

एक तास पुरतो. त्यात त्याच्या सादरीकरणाला १५ मिनिटांच्या वर देऊ नका, उरलेला वेळ प्रश्नांना ठेवा.

"आमचं काम रोज कोण करणार?" हे आधी विचारा. भेटीला अनुभवी भागीदार येतो आणि करार झाल्यावर काम नवशिक्याकडे जातं, ही या व्यवसायातली सर्वात जुनी तक्रार आहे. जो काम करणार त्यालाच भेटीला बोलवा, आणि त्याचं नाव पुढे करारात घाला. नवशिका असणं हा दोष नाही. तो तुमच्यापासून लपवणं हा दोष आहे.

"गेल्या सहा महिन्यांतली तुमची एक बातमी पहिल्यापासून सांगा." आधी कुणाला सांगितली, कोणत्या अंगाने मांडली, कुणी नाही म्हटलं, मग काय बदललं, छापून यायला किती दिवस लागले. काम केलेला माणूस नकारांसकट सांगतो, कारण या कामात नकारच जास्त असतात. ज्याच्या गोष्टीत एकही नकार नाही त्याने ते काम स्वतः केलेलं नसण्याची शक्यता बरीच आहे.

"आमच्या यादीतली कोणती गोष्ट बातमी नाही?" हा आमच्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न. पायरी ३ मधली यादी पुढे ठेवा. जो सगळ्यालाच छान म्हणतो तो पत्रकारांनाही सगळंच पाठवतो, आणि मग त्याचे मेल न उघडता पुसले जातात. दहातल्या सहा गोष्टींवर काट मारून उरलेल्या चारांना कोणतं माध्यम योग्य हे सांगणारा माणूस मिळाला तर त्याला हातचा जाऊ देऊ नका.

"कोणत्या पाच जणांना सांगाल, आणि का?" इथे त्याने माध्यमाचं नाव, तिथलं सदर आणि तो पत्रकार अलीकडे कशावर लिहितोय हे सांगायला हवं. "आमच्याकडे दोन हजार पत्रकारांची यादी आहे" हे उत्तर नव्हे. "अमुक संपादकांशी आमचे घरचे संबंध आहेत" हेही नव्हे. ओळखीने मेल उघडला जातो, फोन उचलला जातो. पण कच्च्या माहितीची बातमी होत नाही. शिवाय पत्रकार विभाग बदलतात, नोकऱ्या बदलतात, आणि नुसत्या ओळखीवर चालणाऱ्याची यादी वर्षभरात शिळी होते.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: तुमच्या स्पर्धकाचं काम करतो का, आणि संध्याकाळी उशिरा अडचणीची बातमी आली तर फोन कोण उचलतो.

तो तुम्हाला काय विचारतो तेही टिपत राहा. ग्राहक निर्णय कसा घेतो, तक्रारी कशाच्या येतात, तुम्ही करता त्या दाव्यांना पुरावा काय, हे विचारणारा माणूस कामाचा. पत्रकारही हेच विचारणार आहेत, आणि ते त्याला माहीत आहे.

नंतर त्याच्या दोन जुन्या ग्राहकांशी फोनवर बोला. एक सध्याचा असावा, एक काम थांबवलेला. थांबवलेल्याला विचारा: "पुन्हा गरज पडली तर यांनाच बोलवाल का?" उत्तरातला अडखळाच बरंच काही सांगून जातो.

पायरी ७: एक छोटं काम, पैसे देऊन

शेवटच्या दोघांना तीच माहिती द्या आणि पत्रकाराला पाठवायचा एक मेल लिहायला सांगा, १५० ते २०० शब्दांचा. याचे पैसे द्या. फुकट करून घेतलेल्या कामात कुणी जीव ओतत नाही आणि नात्याची सुरुवातही वाईट होते.

मेल कसे येतात बघा. एक असा येईल: "ग्राहकांच्या विश्वासास पात्र ठरलेल्या आमच्या संस्थेने अत्याधुनिक दुरुस्ती सेवा सुरू केल्याचे जाहीर करताना आम्हास अत्यंत आनंद होत आहे." पत्रकार पहिल्या ओळीलाच थांबेल.

दुसरा असा: "बॅटरी फुगलेला लॅपटॉप लोक तसाच वापरत राहतात आणि ते धोक्याचं आहे. तीन वर्षांच्या दुरुस्तीच्या नोंदींतून कोणत्या सवयींमुळे बॅटऱ्या लवकर फुगल्या हे या व्यवसायाने मांडलं आहे. नोंदींचा तक्ता, छायाचित्रं आणि बोलायला तयार असलेले दोन ग्राहक आहेत. मालक आज ५ वाजेपर्यंत फोनवर बोलू शकतील." यात आधी वाचकाचा प्रश्न आहे, मग पुरावा, मग पत्रकाराचं काम हलकं करणारी सोय. व्यवसायाची स्तुती कुठेच नाही. असा लिहिणारा निवडा.

पायरी ८: मोबदला आणि तास

मोबदल्याच्या पद्धती साधारण चार: ठरावीक मासिक रक्कम म्हणजे रिटेनर, एका कामाची ठरावीक रक्कम, तासाचा दर, आणि छापून आलेल्या प्रत्येक बातमीमागे पैसे. शेवटची पद्धत छोट्या व्यावसायिकाला सुरक्षित वाटते, पण ती टाळा. तिच्यात सल्लागाराचा फायदा सोप्या, कुणी न वाचणाऱ्या ठिकाणी संख्या वाढवण्यात असतो. अवघड पण उपयोगी माध्यमामागे दोन महिने लागणं त्याला परवडत नाही. शिवाय नको ती बातमी छापून येऊ न देण्याचं काम कुठल्याच कात्रणात दिसत नाही.

रिटेनर घेतलात तर किती तास ते लिहून घ्या. महिन्याला २० तास असतील तर वाटणी साधारण अशी पडते: बैठक, फोन आणि अहवाल ३ तास, वाचन आणि योग्य पत्रकार शोधणं ४, लेखन आणि सुधारणा ६, मेल, फोन आणि पाठपुरावा ५, अचानक येणाऱ्या कामासाठी राखीव २. आता हाच हिशोब ८ तासांवर करून बघा. बैठक आणि अहवाल यांतच तिसरा हिस्सा जातो आणि पत्रकारांशी बोलायला वेळ उरत नाही. बजेट तेवढंच असेल तर दर महिन्याला थोडं काम देण्यापेक्षा तीन महिन्यांचे तास एका चांगल्या विषयावर एकत्र लावा.

छायाचित्रण, मांडणी, प्रवास, माध्यमांच्या सशुल्क याद्या, कर हे रकमेत धरलेत की वेगळे, हे आधीच विचारा. बाहेरून घेतलेल्या सेवेवर सल्लागार स्वतःची टक्केवारी लावतो का, हेही विचारा. लावत असेल तर हरकत नाही, फक्त ती बिलात दिसली पाहिजे. ठरावीक रकमेपुढचा कोणताही खर्च लेखी होकाराशिवाय करायचा नाही, ही अट घाला.

पायरी ९: करार

दोन-तीन पानं पुरतात. कामाची यादी, तास, काम करणाऱ्याचं नाव, पैसे द्यायची तारीख, गोपनीयता आणि स्पर्धकाचं काम न घेण्याची मुदत ही कलमं बहुतेक करारांत असतातच. चुकतात ती पुढची.

मुदत: पहिला करार ३ महिन्यांचा आणि नंतर ३० दिवसांच्या नोटिशीवर चालू राहणारा असावा. बाहेर पडायची वाट नसलेला वर्षभराचा करार पहिल्यांदा करू नका.

मंजुरी: तुमच्या बाजूने होकार देणारा माणूस एकच, आणि मुदत एक कामाचा दिवस. तुमच्या लेखी होकाराशिवाय तुमच्या नावाने काहीही बाहेर जाणार नाही, आणि तुम्ही दिलेल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी तुमची, हे दोन्ही लिहा.

मालकी: पैसे दिल्यावर मजकूर आणि छायाचित्रं तुमची. सल्लागाराची स्वतःची संपर्कवही त्याची राहते, ते रास्त आहे. पण तुमच्यासाठी कुणाला कधी काय पाठवलं आणि काय उत्तर आलं, ती नोंद तुम्हाला मिळाली पाहिजे. समाजमाध्यमांची खाती तुमच्याच ईमेलवर उघडा आणि सल्लागाराला फक्त वापरायचा अधिकार द्या. खातं त्याच्या ईमेलवर असेल तर भांडण झाल्यावर ते परत मिळवताना नाकी नऊ येतात.

वर्तन: पत्रकाराला पैसे किंवा महागडी भेट नाही, खोटी परीक्षणं नाहीत, ग्राहक असल्याचं सोंग घेऊन लिहिणं नाही. आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेच्या आचारसंहितेतही माध्यमांना आमिष न दाखवणं आणि आपण कुणाच्या वतीने बोलतोय हे उघड ठेवणं, हे दोन्ही आहे. पैसे देऊन दुसऱ्या संकेतस्थळावर लावलेल्या तुमच्या दुव्याला (लिंकला) तशी खूण असावी असं गुगलचंही सांगणं आहे. न लावल्यास शोधातली जागा घसरू शकते, आणि तो फटका सल्लागाराला नाही, तुमच्या संकेतस्थळाला बसतो.

पायरी १०: पहिले ९० दिवस

पहिल्याच आठवड्यात एका फोल्डरमध्ये सगळी सामग्री द्या: व्यवसायाची तथ्यं एका पानात, मालकाचा १०० शब्दांचा परिचय, वापरलेल्या प्रत्येक आकड्याचा आधार आणि ५-६ चांगली छायाचित्रं. छपाईसाठी छायाचित्र ३०० डीपीआयचं, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांचं लागतं, म्हणजे ८ बाय १० इंचांसाठी २४०० बाय ३००० पिक्सेल. संकेतस्थळावरून उतरवलेलं चित्र चालत नाही. आडवी आणि उभी दोन्ही ठेवा, आणि त्यातल्या माणसांची नावं व पदं लिहून द्या. ऐनवेळी छायाचित्र नाही म्हणून बातमी आतल्या पानावर जाते किंवा राहूनच जाते.

पहिल्या महिन्यात सल्लागाराने तुम्हाला दहा अडचणीचे प्रश्न लिहून द्यावेत आणि तुम्ही उत्तरं तयार करावीत. एकदा अर्ध्या तासाची लुटुपुटूची मुलाखत घ्या, ध्वनिमुद्रण करा आणि ऐका. लांबलेली उत्तरं आणि चुकून सांगून टाकलेल्या गोष्टी तिथेच सापडतात. "हे छापू नका" असं आधी सांगून पत्रकाराने मान्य केल्याशिवाय बोललेलं सगळं छापण्यासाठीच आहे असं धरून चाला.

दुसऱ्या महिन्यात पत्रकारांना मेल जायला लागतात. मेलला जड फाइली जोडू नयेत, दुवा द्यावा. उत्तर नाही आलं तर दोन-तीन दिवसांनी एक आठवण, आणि मग थांबायचं. दैनिकाचं काम काही तासांत किंवा दिवसांत होतं, साप्ताहिकाला एक-दोन आठवडे लागतात, छापील मासिकांचे अंक मात्र सहसा तीन-चार महिने आधी भरत आलेले असतात. म्हणजे मासिकात यायचं असेल तर त्याचं फळ पहिल्या तिमाहीत दिसणारच नाही, आणि हंगामी विषय असेल तर हंगाम सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही.

काम बिघडतं ते बऱ्याचदा व्यावसायिकाच्या बाजूनेच. पत्रकार सकाळी ११ ला प्रश्न पाठवतो, त्याला ३ वाजेपर्यंत उत्तर हवं असतं, मालक दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितो. तोवर त्या जागी दुसऱ्याचं नाव गेलेलं असतं. मसुद्यावरून पाच जणांचा हात फिरतो आणि प्रत्येकजण एक विशेषण घालतो. छापण्याआधी बातमी दाखवा असा हट्ट होतो, आणि तो बहुतेक पत्रकार मान्य करत नाहीत. आपल्या तोंडचं वाक्य आणि आकडे तपासून घेता येतील का, एवढंच नम्रपणे विचारावं. सर्वात वाईट म्हणजे "आम्ही तुमच्याकडे जाहिरात देतो" असं सुनावणं. त्या एका वाक्याने सल्लागाराने जमवलेलं सगळं जातं.

पायरी ११: हिशोब कसा मागायचा

काम सुरू व्हायच्या आधीच्या चार आठवड्यांत किती चौकशा आल्या ते लिहून ठेवा. हा आकडा नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? पुढे प्रत्येक नव्या ग्राहकाला "आमच्याबद्दल कुठे कळलं?" विचारा आणि त्याच्याच शब्दांत नोंदवा.

मासिक अहवाल एका पानाचा मागा. कुणाला, कोणत्या विषयावर, कधी सांगितलं. काय उत्तर आलं. काय छापून आलं. त्यात आपला मुख्य मुद्दा आला का. पुढच्या महिन्यात काय. अहवालात "जाहिरातमूल्य" नावाचा आकडा दिसला, म्हणजे एवढ्याच जागेची जाहिरात घेतली असती तर अमुक खर्च आला असता असा, तर तो बाजूला ठेवा. २०१० साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या लोकांनी मान्य केलेल्या तत्त्वांमध्येच म्हटलंय की जाहिरातमूल्य हे जनसंपर्काचं मूल्य नाही. "संभाव्य वाचक" हा आकडाही असाच फसवा: संपूर्ण संकेतस्थळाला महिनाभरात भेट देणारे सगळेजण तुमची एक बातमी वाचणारे म्हणून मोजलेले असतात.

९० दिवसांनी निर्णय घ्या. बातमी एकच आलीय, पण सल्लागाराच्या संपर्काच्या नोंदवहीत नीट निवडलेले पत्रकार, त्यांची उत्तरं आणि त्यावरून बदललेली मांडणी दिसतेय, तर आणखी तीन महिने द्या. बातम्या पाच आहेत पण सगळ्या तुमचा ग्राहक न वाचणाऱ्या ठिकाणी, तर टिपण पुढे ठेवून बोला. नोंदवही रिकामी असेल तर नोटीस द्या.

काम थांबवताना

नोटिशीच्या ३० दिवसांत या गोष्टी परत घ्या: सर्व मजकुरांच्या बदल करता येतील अशा फाइली, मूळ आकारातली छायाचित्रं आणि ती वापरायचे हक्क, पत्रकारांशी झालेल्या संपर्काची नोंद, अर्धवट राहिलेल्या मुलाखती आणि त्यांच्या तारखा, ठरावीक तारखेपर्यंत न छापण्याच्या अटीवर कुणाला काही दिलं असेल तर त्याची यादी. पासवर्ड त्याच दिवशी बदला. प्रसिद्धिपत्रकाखाली आणि संकेतस्थळाच्या माध्यम-संपर्क पानावर सल्लागाराचाच क्रमांक राहून जातो. तो काढून तुमच्याकडच्या एका माणसाचं नाव आणि क्रमांक घाला, आणि जे पत्रकार नियमित बोलत होते त्यांना तेवढंच कळवणारा दोन ओळींचा मेल पाठवा.